महाराजांच्या बोटातलं माणिक

"आमच्या जामदारखान्यातला एकच दागिना निवडायचा! सणालाही शोभला पाहिजे आणि रोजच्या वापरालाही! चुकलात, तर तुमच्या अंगावरचा एक दागिना आमच्याकडे जमा!"

टेंभूरगडच्या जगदेव महाराजांनी अशी दवंडी पिटवली आणि गावातल्या बायकांनी नथी उतरवून पिठाच्या डब्यात लपवल्या. उपयोग काय? महाराज रोज कुणाला तरी पकडूनच आणवीत.

बरं, या माणसाला कशाची कमी होती? रविवारी माणिक, सोमवारी मोती, मंगळवारी पोवळं, बुधवारी पाचू, असा वारावाराचा थाट! अंगावर इतके खडे, की एकदा बागेतला पोपट कानातल्या पाचूला मिरची समजून लोंबकळला. महाराजांचा कान सोडवायला सेनापतीला यावं लागलं! एवढं असून डोळा कशावर, तर लोकांच्या डोरल्या-जोडव्यांवर!

डावही कसा पाजी! कुणी नवरत्नांचा हार उचलला, की महाराज नाक मुरडत. "हा रोज घालू? भात कालवताना पुष्कराज वरणात बुडवू? काढ तुझी साखळी!"

कुणी घाबरून पोवळ्यांची साधी माळ दाखवली, तर, "ही दसऱ्याच्या दरबारात? आम्ही राजे आहोत की भाजीवाले? काढ तोडे!"

"वाहवा! काय ही पारख!" राजजव्हेरी सोनशेट मान डोलवीत. सोनशेटांची स्वतःची पारख अशी, की महाराजांनी फुटक्या बाटलीची काच पुढे केली असती, तरी त्यांनी नीलम म्हणून तिचं पाणी वाखाणलं असतं.

हा तमाशा ठकू रोज बघायची. महाराज जेवायचेही भर दरबारात. लोकांनी नुसतं बघायचं! जेवण झालं, की त्यांच्या हातावर पाणी घालायचं, हे ठकूचं काम.

त्या दिवशी एका म्हातारीची जोडवी गेली. म्हातारी डोळे पुशीत बाजूला झाली, महाराजांनी ढेकर दिला आणि हात पुढे केला. ठकूने तांब्या वाकवला, आणि तिला फिसकन हसू आलं.

"का गं, दात काढायला काय झालं?"

"काही नाही सरकार. एवढा सोपा सवाल, आणि माणसं उगाच नागवली जाताहेत."



"सोपा?" महाराज गुरगुरले. "मग दे उत्तर, आत्ताच्या आत्ता! आणि ते गळ्यात काय आहे गं तुझ्या?"

ठकूचा हात गळ्याशी गेला. काळ्या दोऱ्यात एकुलतं एक पोवळं होतं. आईने शेवटच्या आजारात स्वतःच्या गळ्यातून सोडून तिच्या गळ्यात बांधलेलं. ते गेलं, तर आईचं म्हणून काहीच उरणार नव्हतं.

"पोवळं आहे, सरकार. दिवाळीलाही हेच आणि सारवणालाही हेच. दुसरं आहे कुठे?"

"हे लागलं पणाला!"

"मंगळवारच्या माळेला एक मणी कमीच पडतो, महाराज!" सोनशेट खिदळले.

ठकूने एकदा पोवळं मुठीत घट्ट धरलं आणि सोडलं. "आणा तुमचा जामदारखाना!"

तबकं आली. ठकू कमरेवर हात ठेवून वांगी निवडावीत तशी फिरली. "हा हार घालून वाकलं, तर माणूस पुन्हा उठायचा नाही. ही कंठी चांगली, पण गोमेद सैल झालाय. पहिल्याच शिंकेला उडेल. छे! यांत नाही."

"हरलीस!"

"थांबा की! दागिना तबकात नाही, महाराजांच्या उजव्या हातात आहे. ती माणकाची अंगठी! तीही जामदारखान्यातलीच!"

महाराजांनी चटकन मूठ मिटली. "ही? ही रोजची नव्हेच मुळी! फार भारी आहे. काढ पोवळं!"

"काढते. पण रोजची नाही, तर सरकारांनी आधी अंगठी काढावी. आज कुठला सण आहे?"

महाराजांनी अंगठी ओढली. हलेना! पिळली. हलेना! सोनशेट तुपाची वाटी घेऊन धावले, बोट माखलं, पाय रोवून खेचलं, आणि निसटून थेट मोत्यांच्या तबकात बसले!

"जेवताना बाकीच्या अंगठ्या वाटीत उतरतात," ठकू शांतपणे म्हणाली, "ही नाही. हिच्यात अडकलेली शितं रोज मीच धुते!"

"बरं, बरं! रोजची तर रोजची!" महाराज तांबडेलाल झाले. "पण सणाला अगदीच फालतू! हरलीस!"

"फालतू? सोनशेट, तुम्हीच सांगा. बारा वर्षांपूर्वी राज्याभिषेकाला महाराजांनी कोणती अंगठी घातली होती?"

"हीच," सोनशेटांच्या तोंडून निघून गेलं.

"त्याहून मोठा सण टेंभूरगडाने पाहिलाय का? की आमचे महाराज फालतू खडा घालून गादीवर बसले?"

 जन्मात पहिल्यांदा सोनशेटांना 'वाहवा' सुचेना.

महाराजांनी सुजलेल्या बोटाकडे पाहिलं, ठकूकडे पाहिलं, आणि त्यांचं पोट हसून हसून गदगदू लागलं. "अगं ठकू! बारा वर्षं बासुंदी मी खाल्ली, बोट फुगलं, आणि त्याचं फळ मिळालं तुला! जा रे, ज्याचं त्याचं सगळं परत करा! म्हातारीची जोडवी आधी! आणि ठकू, ही अंगठी तुला बक्षीस!"

त्यांनी ऐटीत अंगठी ओढली. ती कसली निघते! 

"राहू द्या, सरकार," ठकू तांब्या उचलत म्हणाली. "माझा दागिना तुमच्याकडे ठेव म्हणून राहू द्या. फक्त उद्यापासून जेवताना जरा जपून. माझ्या माणकाला वरण लागतं!"

महाराज असे हसले, असे हसले, की अंगावरचे निम्मे खडे खळखळ गळून पडले. माणिक तेवढं जागचं हललं नाही!