राखणदार मरळ

“माझं कुणीच खरं मानलं नाही. घसा फोडून सांगितलं, तरी नाही!” असे म्हणत भिक्खुणी चंपिका शास्त्यांपुढे, संघाच्या गुरूंपुढे, येऊन बसली. वंदन केले तेही रागातच.

झाले होते असे. तीन विहारांनी मिळून आजाऱ्यांसाठी तूप आणि मध एका कोठीत ठेवला होता. कोठी सांभाळायला भिक्खू तिंदुक, आणि तिथली मडकी विहारांत पोचवायला चंपिका. पावसाळ्याचा वर्षावास संपत आला तेव्हा आजाऱ्यांना चाटवायला थेंब उरला नाही. तिंदुक सगळ्यांदेखत म्हणाला, “वाटेत सांडते की वाटेत चाटते, तिलाच विचारा.” झाले. ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे. चंपिकेला संघातून घालवायचे, हे ठरल्यातच जमा होते.

शास्ते म्हणाले, “चंपिके, तुझ्यावर हा आळ काही पहिला नाही. मागेही आला होता, आणि तेव्हाही तू अशीच तणतणत आली होतीस.” मग भरल्या सभेत, तिंदुक आणि त्याचे शिष्य समोर असताना, त्यांनी ही जुनी गोष्ट सांगितली.

पूर्वी वेणुमती नगरीच्या गादीवर पद्मनाभ राजा असताना बोधिसत्त्व अमात्याच्या घरी जन्मले, मोठेपणी स्वतः अमात्य झाले, आणि राज्यातली तळी त्यांच्या देखरेखीखाली आली. नगराबाहेर एकाच ओढ्यावर तीन तळी होती, एकाखाली एक, आणि तळ्यागणिक एक गाव. वरचे तळे उथळ. तिथे माशांची वीण भरपूर, पण उन्हाळ्यात पाणी आटे आणि पिले मरत. खालचे तळे खोल, पण तिथे वीणच होत नसे. मधल्याचे धड हेही नाही आणि तेही नाही. प्रत्येक गाव आपल्या काठावर बसून दुसऱ्याला शिव्या देई आणि उपाशी झोपे.

बोधिसत्त्वांनी तिन्ही गावांना एका चिंचेखाली बसवले. ठरले ते असे. वरच्यांनी रोहू आणि कटल्याची जिऱ्याएवढी पिले जपायची. ती बोटाएवढी झाली की, म्हणजे बोटुकली झाली की, मधल्यांनी वाढवायची. खालच्यांनी मोठे मासे धरायचे आणि तिघांनी सारखे वाटून घ्यायचे. रोहू आणि कटला अशी नावे घेऊन शपथ झाली. मासे खायलाच वाढवायचे होते, ते झाकण्यात अर्थ नाही. पण पोटात अंडी असलेली मादी धरायची नाही, हेही त्याच शपथेत होते.

बोटुकली घागरीत घालून वरून खाली न्यायचे काम मधल्या गावच्या रेवाकडे आले. रेवा विधवा, तोंडाने फटकळ, खांद्याने मजबूत.

पुढे वरच्या गावचा ग्रामणी बाहुक याला एक युक्ती सुचली. मरळ मासळी आपल्या पिलांना किती जपते, हे तिथल्या प्रत्येकाने पाहिलेले. पिले वर झुलत असतात, आई खाली पहाऱ्याला, बगळ्याचीही छाती होत नाही. बाहुक म्हणाला, “एवढी मायेची राखणदारीण फुकटात मिळते. सोडा एक जोडी तळ्यात. सगळ्यांची पोरं सांभाळेल.” लोकांना ते पटले. त्यांनी मरळीची जोडी सोडली, तिला लाह्या वाहिल्या, काठावरच्या दगडाला शेंदूर फासला.

तेव्हापासून बोटुकली कमी होत गेली. शेवटी मधले तळे ओस पडले, खालचे त्याहून ओस. रेवा सांगू लागली, “अहो, वरच काही नाही. घागर बुडवली की नुसतं पाणी येतं.”

“मग राखणदारीण काय झोपा काढते?” लोक हसले.

“ते तिलाच विचारा. लाह्या खाऊन कुणी एवढं सुटतं होय?”

या बोलण्याने तर लोक फारच चिडले. देवासारख्या मरळीला नावे ठेवते म्हणजे चोर हीच. बाहुकाने सभा बोलावली. रेवाला गावाबाहेर घालायचे ठरू लागले. खालचे गाव म्हणाले, “आम्हाला तुमची शपथ नको, ओढ्याला बांध घालून आमचं पाणी वेगळं करतो आणि मोकळे होतो.”

बाहुक बोधिसत्त्वांना बाजूला घेऊन म्हणाला, “स्वामी, बाई एकटी आहे. मागे रडणारं कुणी नाही. ती गेली की तिन्ही गावं गप्प बसतील. तुमची योजना राहील, राजाकडे नाव राहील.”

बोलणे सोयीचे होते, यात शंका नाही. तीन गावांची चूल एका बाजूला आणि एक फटकळ बाई दुसऱ्या बाजूला.

बोधिसत्त्व म्हणाले, “हिने चोरी केली असं कुणी पाहिलं का? नाही ना? मग हिच्या मानेवर पाय देऊन उभी राहणारी योजना मला नको. मोडायची तर मोडू दे. चला तळ्यावर.”

तिन्ही गावे वरच्या तळ्याच्या काठाशी बसली. बोधिसत्त्वांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितले. ऊन चढले तसा पाण्यावर एक तांबूस पुंजका आला. इवलाली पिले, दाट, एका जागी झुलणारी. त्यांच्याखाली मरळ, काळी, शांत. पुंजका सरकला की तीही सरके.

“ही पिलं कुणाची?” बोधिसत्त्वांनी विचारले.

“तिचीच, स्वामी.”

“आणि रोहूची कुठं आहेत? कटल्याची?”

लोक पाण्यात बघत राहिले. उथळ पाणी, तळ दिसत होता. दुसरे पिलू एकही नव्हते.

“ती राखते हे खरं आहे,” बोधिसत्त्व म्हणाले. “पण आपलीच राखते. दुसऱ्यांची पोरं म्हणजे तिचा चारा. बरं, हिची पिलं मोठी झाली की जातात कुठं?”

बाहुक शेंदराच्या दगडाकडे बघू लागला. तेवढ्यात त्याची भावजय मागून म्हणाली, “जातात कुठं! आमच्या कालवणात. शपथेत मरळीचं नाव नाही म्हणतात भावोजी, म्हणून वाटणी नाही. रोज तेच. वीट आला मला.”

आधी बायका हसल्या, मग सगळा काठ हसला.

खालच्या गावचा एकजण भाला घेऊन पाण्यात उतरला. बोधिसत्त्वांनी त्याला थांबवले. “तिला मारू नका. ती खोटं वागली नाही, आपल्या पोरांची आई झाली, एवढंच. खोटं वागला तो, ज्यानं खरं कळल्यावरही तोंड मिटलं आणि दुसरीकडे बोट दाखवलं.”

मरळी धरून दूरच्या डोहात सोडल्या. शपथ पुन्हा झाली, आणि या वेळी तळ्यात हलेल ते सगळे तिघांचे, असे शब्द घातले. रेवा पुढे आली. रडली नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, “आता माझी घागर कुणी देता का?” बोधिसत्त्वांनी तिला घागर दिली आणि दुसरी बाहुकाच्या खांद्यावर ठेवली. दंड तेवढाच. पुढच्या वर्षी तिन्ही गावांत एकाच दिवशी चुली पेटल्या आणि बांधाचे नावही कुणी काढले नाही.

शास्ते म्हणाले, “ती तीन गावे म्हणजे आजचे हे तीन विहार. रेवा ही चंपिका. अमात्य मी होतो. त्या जन्मी मी पाळली ती मैत्री, जी आपल्या माणसांपाशी येऊन थांबत नाही.”

सभा मोकळी झाल्यासारखी हलली. चंपिकेने कितीतरी दिवसांनी भिंतीला पाठ टेकली. तिंदुकाचे शिष्य मात्र मान खाली घालून बसले होते. सारा संघ वर्षावासात तापाने वाळला होता, आणि हे तेवढे तुकतुकीत.

“आणि बाहुक?” चंपिकेने विचारले. “तो कोण, ते सांगा की.”

शास्ते म्हणाले, “तिंदुक.”