जोडशिंपल्यांचा थर

केवळनाथ महाराज सुरंगवण्याच्या किनाऱ्यावर राहत होते, तेव्हा त्यांच्या झोपडीसमोरच्या उथळ पाण्यात शेवाळाचे अकरा पट्टे होते. सर्वांत रुंद पट्टा बावीस पावलांचा. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी उरे. त्या पट्ट्यात एक मासा राही. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी, रंग शेवाळाचाच. मादी दोन्ही कवचे जुळलेल्या रिकाम्या जोडशिंपलीत अंडी चिकटवून निघून जाई आणि नर आत बसून, पंख हलवत त्यांची राखण करी.

त्या वर्षी देवळाच्या गिलाव्यासाठी शिंपल्यांची चुनाभट्टी लावायची होती. देवळाच्या भट्टीचा पहिला थर जोडशिंपल्यांचाच हवा, अशी तिथली रीत. शिंपल्या वेचणारी रुक्मा तारी मात्र प्रत्येक जोडशिंपलीच्या फटीतून आत पाही आणि अंडी दिसली की ती जागच्या जागी ठेवी.

देवळाचा मानकरी रघोजी गावकर तिची टोपली पाहून वैतागला.

"तीन दिस झाले आणि अर्धी टोपली? माशांची सुईण झालंस काय गो?"

"गावकरानू, आत अंडी आसत. बाप राखणीक बसलो आसा."

"माशाक खंयचो बाप? भट्टी लावूची रवली तर देवळाची पायरी चढूक देवचंय नाय तुका."

माणसे हसली. गावकर स्वतः पाण्यात उतरला आणि त्याने पट्ट्यातल्या साऱ्या जोडशिंपल्या ओरबाडून नेल्या.

रुक्मा महाराजांकडे आली. "पायरी गेली तर जाऊंदे, महाराज. पण ते जीव जळतले."

महाराज म्हणाले, "रघोजीला परवा सांगितलं, काल सांगितलं. या माणसाला देवाने कान कशाला दिले, कोण जाणे. तू भट्टीपाशी उभी राहा. आता मी देवालाच सांगतो." आणि त्यांनी डोळे मिटले.

वैशाखाच्या उन्हात शिंपल्या दिवसभर भट्टीत रचून पडल्या होत्या. दिवेलागणीला गावकराने निखारे टाकले. नारळाची सोडणे कडकडीत वाळलेली, तरी निखारे चुरचुरून विझले. पुन्हा टाकले, पुन्हा विझले. पाच वेळा हेच झाले. गावकर सोडणे आणणाऱ्यावर ओरडला, वाऱ्यावर ओरडला, शेवटी निखाऱ्यांवरही ओरडला.

तेवढ्यात महाराज आले. "रघोजी, बाळंतिणीच्या खोलीला तू आग लावशील का? मग इथे का लावतोस? एक शिंपली उघडून तरी बघ. किती वेळा सांगायचं?"

चिडूनच त्याने एक शिंपली उघडली. आत काठोकाठ गार पाणी होते. अंड्यांवर तो इवलासा मासा पंख हलवत होता. गावकराने दुसरी उघडली, तिसरी उघडली. त्यांतही तसेच! त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"महाराज, माका दिसलाच नाय."

"पाहिलंस कुठे? माझ्या पायांवर पडून काय होणार? ही दिवसभर उभी आहे, तिच्यासमोर वाक. आणि ओहोटी आहे तोवर यांना घरी पोचव."

गावकर रुक्मासमोर वाकला. मग दोघांनी एकेक शिंपली शेवाळात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सुट्या शिंपल्यांचा थर रचला, तेव्हा भट्टी पहिल्याच निखाऱ्याला पेटली.

आठव्या दिवशी रुक्माने पट्ट्यातले वाटीभर पाणी वर घेतले. गावकराने त्यातली पिल्ले मोजली. एकशे बारा भरली.