अडखळली तिथे चिंचोका

एकदा एक शिष्य आनंदाने नुसता फुलून गेला होता. तीन वर्षे खपून त्याने आपला पहिला ग्रंथ पुरा केला होता आणि तो राजधानीतल्या विद्वत्सभेत पोहोचवायला एक व्यापारी गाडी जुंपून दाराशी थांबला होता. आजची गाडी चुकली, तर पुढची सभा थेट वर्षाने!

"दहा वेळा तपासलाय, गुरुजी. एकही चूक नाही!" शिष्य म्हणाला. लेखक मंडळींना असा आत्मविश्वास फार लवकर येतो.

वृद्ध गुरूंनी ग्रंथाकडे पाहिलेसुद्धा नाही. अंगणात मडकी उतरवणाऱ्या कुंभारणीला त्यांनी हाक मारली. ती वर्षापूर्वीच अक्षरे शिकली होती. पहिले पान तिच्यापुढे पाटावर ठेवून ते म्हणाले, "मोठ्यानं वाच, बाई."

"मला कुठं धड येतंय, महाराज?" म्हणत तिने वाचायला घेतले. जोडाक्षरांपाशी ती रेंगाळे, ते गुरुजी सोडून देत. पण अर्धे वाक्य टाकून ती पुन्हा मागे गेली, की तिथे ते एक चिंचोका ठेवत. पान संपेतो नऊ चिंचोके झाले!

शिष्य चिडला. "तिला वाचता येत नाही, त्यात माझा काय दोष?"

"चिंचोका उचल आणि खाली बघ."

त्याने उचलला. वाक्य राजापासून निघाले होते आणि क्रियापद राणीशी जुळले होते! दुसऱ्याखाली एकच शब्द लागोपाठ दोनदा. तिसऱ्याखाली दोन भाऊ भांडत होते आणि 'त्याने मारले'. पण कोणी, ते लेखकालाच ठाऊक. शिष्याचा राग कुठल्या कुठे पळाला. "अरेच्चा! हेही? आणि हेसुद्धा!" तो अधीरपणे चिंचोके उचलत सुटला.

गुरू म्हणाले, "दहा वेळा तू कागद वाचलाच नाहीस, मन वाचलंस. मनात वाक्य पुरं असतं, म्हणून डोळा गाळलेलं भरून घेतो, चुकलेलं सावरून घेतो. या बाईजवळ तुझं मन नाही, नुसता कागद आहे. वाचकाजवळही तेवढंच असतं."

बाहेरून व्यापारी ओरडला, "देताय ना हो? उन्हं चढली!"

शिष्य दारात गेला. "तुम्ही निघा, शेटजी," म्हणताना त्याला रडूच आले. गाडी वळणाआड गेली, तसा तो लगबगीने आत आला आणि कुंभारणीपुढे दुसरे पान ठेवून बसला.

"मावशी, हेही वाचता?"

"राग नाही ना येणार तुला?"

"येईल," तो म्हणाला, "तरी वाचा."