करवंदखिंडीत चुलीपुढे भिंत का नाही

करवंदखिंड चढून माथ्यावर आले की रस्त्याच्या डाव्या हाताला सात-आठ खाणावळी लागतात. कुठल्याही एकीत शिरा, चूल समोरच दिसते. मध्ये भिंत नाही, पडदा नाही, तट्ट्याचा आडोसाही नाही. धूर सरळ पंगतीत येतो आणि पहिल्यांदा आलेला माणूस डोळे चोळत विचारतो, एवढी जागा असताना चूल आत का नाही? शिवाय पाने वाढून झाली तरी इथे अन्नाला कुणी हात लावत नाही. आधी रांधणारी बाई सगळ्यांच्या देखत जेवते, पोटभर जेवते, आणि मग पंगत सुरू होते. यामागे एक गोष्ट सांगतात. सांगणाऱ्यागणिक ती थोडी बदलते आणि तिच्यातले नेमके किती खरे, हे आता कुणाला ठरवता येईल असे वाटत नाही. भिंतीचा भाग तेवढा सगळ्यांच्या तोंडी सारखा आहे.

खिंडीतून तेव्हा बैलांचे तांडे जात. कोकणातून मीठ वर यायचे, देशावरून धान्य खाली जायचे. सुभाना अशाच एका तांड्याबरोबर चालणारा गडी. एकदा तापाने तो मागे राहिला आणि दोन दिवस खिंडीत अन्नावाचून पडून होता, म्हणे. तिसऱ्या दिवशी एका गुराख्याने त्याला आंबील पाजली. बरा झाला तसा तो आपल्या बायकोला, ठकूला, घेऊन वर आला आणि माथ्यावरच्या देवीपुढे नारळ ठेवून म्हणाला, "आई, हितं मी खानावळ घालतो. माझ्या दारातनं कुनी उपाशी जानार न्हाई."

शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या ठकूने विचारले, "कुनीच न्हाई?"

"कुनीच न्हाई."

"आनि आपन दोघं?"

सुभाना हसला. "खुळी का काय तू! रांधनारं मानूस कधी उपाशी ऱ्हातंय व्हय?"

दोघांनी मिळून खोप उभी केली. त्याने दगड वाहिले, तिने चूल घातली, भुई सारवली. पहिली काही वर्षे चूल पंगतीच्या समोरच होती. गर्दी झाली की सुभानाही भाकरी थापायला बसायचा आणि ठकू सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणायची, "बगा बगा, बैलानं पाय दिल्यावानी झालीया धन्यांची भाकर!" तांडेवाले हसून हसून ठसकत. सुभानाच्या आयुष्यातले चांगले दिवस ते तेवढेच, असे जुनी माणसे सांगतात.

पुढे मोठे व्यापारी उतरू लागले. एकाने धुराची तक्रार केली आणि सुभानाने चुलीपुढे भिंत घातली. भिंतीत एक कोनाडा आरपार ठेवला, त्यातून भाकरी बाहेर यायची.

"मला भाईरचं मग काय दिसायचं?" ठकू म्हणाली.

"तुला काय बघायचंय? मी हाक मारीन की."

तेव्हापासून दिवसभर त्याला तिचा फक्त हात दिसे. हिरव्या बांगड्यांचा हात, कोनाड्यात भाकरी ठेवून मागे जाणारा.

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस ओढला. धान्य कमी झाले आणि भुकेली माणसे मात्र वाढली. तरी सुभानाने हाक मारली आणि भाकरी आली नाही, असे एकदाही झाले नाही. लोक म्हणू लागले की नवस फळला, भिंतीआड साक्षात अन्नपूर्णा बसली आहे. जाता-येता ते भिंतीला हळदकुंकू लावत. सुभानाची छाती फुगे. यजमान म्हणून तो शेवटच्या पंगतीला बाहेरच बसायचा आणि बसण्याआधी भिंतीपलीकडे विचारायचा, "जेवलीस का गं?" आतून उत्तर येई, "व्हय, मगाच."

हातातल्या बांगड्या मनगट सोडून कोपराशी गेल्या होत्या, ते त्याने पाहिले होते. पीठ मळताना आड येतात म्हणून वर सारत असेल, असे त्याला वाटले. पुढे त्याने स्वतःला सगळ्यात जास्त दोष दिला तो या एका समजुतीबद्दल.

एका दुपारी तांड्यातली एक म्हातारी, हंसाई, जेवण उरकून कोनाड्याकडे बघत बसली होती. तिने सुभानाला विचारले, "बायकूला बांगड्या कवा भरल्यास रं?"

"संक्रांतीला."

"तवा मनगटाला बसल्या व्हत्या का कोपराला?"

तो हसायला गेला आणि हसू ओठांवरच राहिले. उठून भिंतीआड गेला. परात झाडून कोरडी, पिठाचे मडके पालथे. ठकू चुलीपाशी बसून परात विसळलेले पाणी पीत होती. त्याला पाहताच तिने वाटी पदराखाली घेतली.

"हे काय गं?"

"नवस तुमचा व्हता न्हवं? मोडला असता."

"मला हाक का न्हाई मारलीस?"

"भाईरनं हसनं ऐकू यायचं," ती म्हणाली. "बरं वाटायचं."

सुभानाने पहार घेतली आणि हळदकुंकवासकट भिंत पाडली. मग खालच्या वाडीत दारोदार जाऊन पसाभर पीठ आणले, स्वतः भाकरी केली आणि तिच्यापुढे ठेवली. सगळा तांडा समोर बसून होता. कुणी पाण्यालाही हात लावला नाही. ठकूने चतकोर खाल्ली आणि ताट पुढे सरकवले. "आदी बगा," ती म्हणाली, "भाईर कुनी ऱ्हायलंय का." बाहेर असे आता काही उरलेच नव्हते, पण तिला ते उमगले नाही. पोट आखडून गेले होते. आठवडाभरात ती गेली.

लोकांना तिचे देऊळ बांधायचे होते, म्हणे. दगडही आणून ठेवले होते. सुभानाने ते पायथ्याला लोटून दिले. म्हणाला, "द्येवी न्हवं ती. भुकेली बाई व्हती."

खाणावळ त्याने बंद केली नाही. रांधायला बाई ठेवली, पण ती जेवून उठेपर्यंत तो समोर बसून बघत राही आणि कुणाला घास उचलू देत नसे. पुढे खिंडीत ज्यांनी खाणावळी घातल्या, त्यांनी त्याचेच पाहून तसे सुरू केले.

आजही भरल्या पंगतीसमोर एकटीने जेवताना बाईला अवघडल्यासारखे होते आणि पाहुणे भलेपणाने दुसरीकडे तोंड फिरवतात. तेव्हा पंगतीतले कुणीतरी वयस्क माणूस हलकेच सांगते, "तोंड फिरवू नका, पाव्हनं. बगा तिच्याकडं."