वाटाड्याच्या तोंडाचा वास

चीनच्या त्या नदीत वाळूचे दांडे फार, म्हणून इंग्रजांची जहाजं आत न्यायला तिथलाच वाटाड्या लागे. काठच्या गावात असे अकरा वाटाडे होते. आता एकटा म्हातारा लियांग कामावर उरला होता. घरी त्याच्याशी बोलायलाही कोणी शुद्धीवर नसे.

त्या सकाळी अफूच्या जहाजावरच्या कप्तानानं त्याला शिडीपाशीच अडवलं, त्याचं तोंड हुंगलं आणि मगच सुकाणू हाती दिलं.

बंदरात चिनी अंमलदारानं अफूच्या पेट्या अडवल्या. कप्तान छाती काढून म्हणाला, "अफू म्हणजे औषध. तिनं कुणाचं काही बिघडत नाही. तुम्ही उगाच बाऊ करता."

सुकाणूपाशी उभा असलेला लियांग हळूच म्हणाला, "मग साहेब, सकाळी माझं तोंड कशाला हुंगलंत?"

कप्तान गोरामोरा झाला. "चालता हो. परतीला मी दुसरा वाटाड्या घेईन."

"घ्या की," लियांग शिडी उतरता उतरता म्हणाला. "गावात दहा जण आहेत, सगळे तुमचं औषध घेऊन पडलेत. त्यातला एक माझा मुलगा. ही नदी त्याला माझ्याहून जास्त कळायची. त्याचं तोंड तेवढं हुंगू नका."