शेपूला खो

गवताला बोलता येत होतं, त्या काळी धुक्याच्या माळावर सशांची पोरं रोज सकाळी खो-खो खेळायची. पोरी करवंदीच्या जाळीत आईजवळ बसायच्या.

एकदा एक गडी कमी पडला, म्हणून घाट्यानं आपल्या बहिणीला, शेपूला, रांगेत बसवलं. आई घाबरली. "पाय मोडला तर पोरीला कोण विचारील रे?"

"ती नुसती बसणार आहे गं. तिला खो देतंय कोण," घाट्या हसला.

आईला बरं वाटलं. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा खेळाचा नियमच होता.

धुकं दुधासारखं तरंगत होतं. त्यात पोरं दिसायची, विरायची. कुणी मागून धावत आलं, की शेपू कान टवकारायची, मागचे पाय ताठ करायची. तो पुढं गेला, की पुन्हा खाली बसायची. असं सातदा झालं. आठव्यांदा तिनं कानच हलवले नाहीत. मान खाली घालून गवताकडं बघत राहिली.

आई जाळीतून बघत होती. पोरीचे पाय न मोडताच निकामी व्हायला लागले होते. जन्मभर दबकून बसलेली ती सशीण उभी राहिली आणि ओरडली, "घाट्या, तिला खो दे."

सारा माळ थबकला. घाट्यानं गोंधळून बहिणीच्या पाठीला पंजा लावला. "खो."

शेपू धुक्यात शिरली ती दिसेनाशीच झाली. या खांबापासून त्या खांबापर्यंत नुसती गवताची सळसळ ऐकू येत होती.

"कुठं गेली गं तुझी पोर?" शेजारणीनं विचारलं.

"येईल," आई म्हणाली. तिला पहिल्यांदाच शोधायला जावंसं वाटलं नाही.