भागूआक्काचा हंडा

सन १९६३. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. हरभऱ्याला घाटे धरले होते आणि सकाळी शेकोटीशिवाय अंगणात बसवत नव्हतं. त्या वर्षी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. आधीही तो तिथंच राहत होता, पण ही गोष्ट त्या वर्षीची आहे.

लिंबाजी आळशी नव्हता. खोटं बोलत नव्हता. सांगितलेलं काम करायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. गावाला त्याची धास्ती होती ती त्यामुळेच.

चंपाषष्ठीला त्याच्या घरी पाहुणे यायचे होते. अंघोळीचं पाणी तापवायला मोठं भांडं नव्हतं. म्हणून त्याच्या आईनं, तुळसाबाईनं, शेजारच्या भागूआक्काचा तांब्याचा हंडा मागून आणला.

त्या गावात एक रीत होती. भांडं द्यायचं तर देणारीनं दारात उभं राहून म्हणायचं, "नेलं तसं आणा." घेणारीनं म्हणायचं, "नेलं तसं आणीन." मगच भांडं उंबऱ्याबाहेर जायचं. पळी दिली तरी हे म्हणावं लागे.

हा हंडा तर भागूआक्काला बापानं लग्नात दिलेला. काठावर बापाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. आठ दिवसांवर तिच्या लेकीचं, शेवंताचं, लग्न आलं होतं. सासर पेठेतलं. भागूआक्काला मालक नव्हता, आणि लेकीबरोबर पाठवायला त्या हंड्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

तुळसाबाई घागर घेऊन विहिरीवर निघाली. जाताना म्हणाली, "हंडा चुलीवर ठेव. मी येईपर्यंत जाळ कमी करू नको."

"बरं," लिंबाजी म्हणाला.

हंड्यात पाणी घाल, असं ती म्हणाली नाही. लिंबाजीनं घातलं नाही. विहिरीवर तुळसाबाईला बोलायला चार बाया भेटल्या. हंडा आधी काळा झाला. मग लाल झाला. मग तळाचा सांधा धरणारी डाक वितळली आणि तळ सुटून राखेत पडला. लिंबाजीनं आणखी दोन लाकडं आत सरकवली. आई अजून आली नव्हती.

आली तेव्हा ती खालीच बसली.

"रिकामं भांडं चुलीवर ठेवतात का रे? आधी पाणी भरायचं, मग पुढचं काम करायचं. एवढं तरी ध्यानात ठेव."

"बरं."

भागूआक्का आली. तिनं हंडा उचलून त्यातून पलीकडं बघितलं. आरडाओरडा केला नाही.

"पेठेत तांबटआळी आहे," ती म्हणाली. "नवा तळ बसवून देतील. पण पाठवणीच्या आधी हंडा माझ्या दारात पाहिजे, तुळसा. नाहीतर पोर हात हलवत जाईल."

"तोवर मी तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही," तुळसाबाई म्हणाली. वीस वर्षं ती रोज सकाळी त्या उंबऱ्यात बसून चहा पीत होती.

तुळसाबाईचे गुडघे धरलेले. पेठ चार कोस. मग लिंबाजीलाच पाठवायचं ठरलं. इलाज नव्हता.

"तांबटआळी कोणाला विचारायला नको," आईनं सांगितलं. "लांबून ठोके ऐकू येतात. ठोक्यांच्या मागं जा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूआक्कानं हंडा त्याच्या हातात दिला. तोंडात रीत बसलेली. सवयीनं ती म्हणाली, "नेला तसा आण."

"नेला तसा आणीन," लिंबाजी म्हणाला आणि निघाला.

गावाबाहेर विहीर लागली. आधी पाणी भरायचं, मग पुढचं काम. लिंबाजीनं हंडा काठावर ठेवला आणि पोहऱ्यानं पाणी शेंदून ओतायला लागला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गेनबा नावाचा धनगर मेंढरं घेऊन तिथं आला.

"काय चाललंय?"

"हंडा भरतोय."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

गेनबानं वाकून बघितलं. "तळ कुठंय?"

"तो बसवायलाच निघालोय."

"मग जा की."

"भरला की जातो."

गेनबाची मेंढरं हंड्यातून सांडलेलं पाणी पिऊन तृप्त झाली होती. त्यानं जरा विचार केला. "असं कर. हंडा उलटा धर. उलट्या हंड्यात कोणी पाणी भरत नाही."

"बरं."

हंडा उलटा धरून लिंबाजी चालू लागला. थोड्या वेळानं ठोके ऐकू आले. टक टक टक. तो ठोक्यांच्या मागं गेला. तो सुतारपक्षी होता. पक्षी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेला, लिंबाजी त्याच्या मागं गेला. पेठ डाव्या हाताला राहिली. पक्षी डोंगर चढला, लिंबाजीही चढला. वर गेल्यावर पक्षी उडून गेला, पण ठोके थांबले नाहीत. आता ते लोखंडाचे होते.

कड्याखाली चष्मा लावलेला एक म्हातारा हातोडीनं दगड ठोकत बसला होता. पेठेतल्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. डोंगरात फिरून दगडांच्या पोटातले खडे शोधायचा नाद त्याला होता. पेठेत त्याला दगडूमास्तर म्हणत. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवायला वेळ लागे.

"तांबट तुम्हीच का?" लिंबाजीनं विचारलं.

"नाही. मी मास्तर."

"ठोकताय तर."

"दगड ठोकतोय."

"त्याचा हंडा होतो का?"

"होत नाही."

"मग ठोकता कशाला?"

"घरीही हेच विचारतात," मास्तर म्हणाला. "तांबटआळी खाली पेठेत आहे. मलाही तिकडंच जायचंय. हे पाच दगड तुझ्या हंड्यातून नेऊ. धर."

लिंबाजीनं हंडा धरला. उलटा. मास्तरनं चष्मा पुसत पुसत एकेक दगड वरून आत सोडला. पाचही दगड खालून निघाले आणि घरंगळत ओढ्यात गेले.

मास्तरनं ओढ्याकडं बघितलं. मग हंड्याकडं.

"याला तळ नाही."

"नाही."

"सांगायचं नाही का?"

"तुम्ही धर म्हणालात."

ओढ्यात एक दगड आपटून दुभंगला होता. मास्तर खाली उतरला आणि तिथंच बसून राहिला. दगडाच्या पोटात जांभळे खडे होते, डाळिंब उकलावं तसे दाटीनं बसलेले. बारा वर्षं तो असा दगड शोधत होता, आणि आज सकाळी हाच दगड त्यानं सोडून द्यायचा म्हणून दोनदा बाजूला ठेवला होता.

मास्तरनं लिंबाजीला हातोडी दिली. "नीट ऐक. दगडावर हळू ठोका मार. भरीव वाजला तर सोडून दे. पोकळ वाजला तर आत माल आहे. मग विचार करायचा नाही. मधोमध एकच ठोका, पण जोरात."

"बरं."

दिवस मावळायच्या आत लिंबाजीनं अडीचशे दगड वाजवले. भरीव वाजले ते सोडले. सात पोकळ वाजले ते फोडले. सातांतल्या पाचांत खडे निघाले. सांगितलं तसं केल्यानं काम नीट झालं, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. त्यानं ते मनात पक्कं धरलं.

मास्तर खूश झाला. हातोडी त्यालाच देऊन टाकली. त्याला पेठेत घेऊन गेला आणि नारोबा तांबटाला म्हणाला, "याच्या हंड्याची मजुरी माझ्याकडून."

नारोबाकडं लगीनसराईची भांडी रांगेत होती. लिंबाजीची पाळी यायला सहा दिवस लागले. लिंबाजी तिथंच राहिला. सातव्या दिवशी सकाळी तळ ठोकायला घेताना नारोबा म्हणाला, "हंडा असा धर. हलू नको."

"बरं."

तळ बसला. डाक बसली. नारोबानं ठोक्याला ठोका लावून तळ असा मठारला की माशाच्या खवल्यांगत चकाकू लागला. मग तो जेवायला गेला, जेवून आडवा झाला, उठून पान खाल्लं आणि आळीतल्या एका भांडणात पडला. परत आला तेव्हा लिंबाजी हंडा धरून उभा होता.

"अरे, झाला की. ने आता."

"हलू का?"

"हल. आणि हे बघ, हंडा देताना धनिणीसमोर वाजवून दे. माणूस खोटं बोलेल, भांडं खोटं बोलत नाही. माझं काम कसं आहे ते तिला ऐकू दे."

"बरं."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी गावात पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पंगती उठल्या होत्या. भागूआक्काच्या दारात बैलगाडी जुंपलेली. शेवंता डोळे पुसत गाडीत बसली होती. भागूआक्का वाटेकडं डोळे लावून उभी. तुळसाबाई आपल्या अंगणातूनच बघत होती. उंबऱ्यात पाय न ठेवता सगळं लग्न तिनं तिथूनच बघितलं होतं.

लिंबाजी हंडा डोक्यावर पालथा घेऊन आला. नवा तळ उन्हात लखलखत होता. भागूआक्कानं पदर तोंडाला लावला.

"आणलास रे बाबा. दे इकडं."

"वाजवून द्यायचाय," लिंबाजी म्हणाला.

"बरं, वाजव."

लिंबाजीनं हंडा जमिनीवर पालथा ठेवला. कमरेची हातोडी काढली. तळावर हळू ठोका मारला. हंडा घुमला. व्याह्यांनी माना डोलावल्या. चांगलं काम होतं.

लिंबाजी ऐकत राहिला. हंडा पोकळ वाजत होता.

मग त्यानं विचार केला नाही. मधोमध एकच ठोका मारला, पण जोरात.

डाक सुटली. तळ आत पडला. बैल बिचकले. बाकी कोणी हललं नाही.

लिंबाजीनं हंडा उचलला आणि आत बघितलं. पलीकडं भागूआक्का दिसली.

"आत काही नाही, आक्का," तो म्हणाला. "कधी कधी नसतं. सातांत दोन."

भागूआक्का पुढं आली. "लिंबाजी, मी तुला काय सांगितलं होतं? हंडा देताना काय म्हटलं होतं मी?"

"नेला तसा आण."

लिंबाजीनं बिनतळाचा हंडा तिच्या पुढ्यात ठेवला. "नेला तसा आणला."

सगळ्यांत आधी गाडीतली शेवंता हसली. सकाळपासून रडत होती, आता हसता हसता तिला ठसका लागला. मग तिनं हात पुढं केले. "आई, तांबटआळी माझ्या सासरच्या मागल्या दाराला आहे. दे तो तसाच. आजाचं नाव काठावर आहे, तळावर नाही."

हंडा तिच्या मांडीवर गेला. तळ तिनं हंड्यात ठेवला, तो खालून निघाला, मग तिनं तो हातात धरला. गाडी हलली.

तुळसाबाई अंगणातून निघाली, भागूआक्काच्या उंबऱ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "चहा टाक."

देणं फिटलं होतं.